बारीक वाजत होतं

"आक्का, जरा सरक की. उजेड अडवलायस."

माझ्या दारात, माझ्या घरच्या गाडीपाशी, माझ्याच पोटचा पोरगा मला सरक म्हणत होता. मी तसूभर हलले नाही.

"मी काय भिंत आहे उजेड अडवायला? आणि हे काय करून ठेवलंयस? चांगल्या गाडीचं थोबाड फोडलंस."

दिसत तसंच होतं. स्टिअरिंगच्या शेजारी जुना टेप होता, तो उचकटून काढल्यावर तिथं चौकोनी भगदाड पडलं होतं. त्यातनं लाल, पिवळ्या, काळ्या वायरी लोंबत होत्या, मागावर ताणा तुटल्यावर धागे लोंबतात तशा. पुढच्या दोन्ही दारांची आतली अंगं सोलून धनूनं सोप्यात भिंतीला उभी केली होती. गाडी इवलीशी, लिंबाच्या रंगाची. एका सूतवाल्या व्यापाऱ्यानं वापरून टाकलेली, आमच्या मालकांनी हौसेनं घेतलेली. आमच्या गल्लीत यंत्रमागवाल्याच्या दारात उभी राहिलेली ती पहिली चारचाकी. तिची अशी आतडी बाहेर बघून माझा जीव खालवर होत होता.

"उद्या जाणारा माणूस आज गाडी फोडत बसलाय," मी म्हटलं.

"जायच्या आधी अण्णांच्या गाडीत चांगला टेप बसवून देतो, एवढंच," धनू वर न बघता म्हणाला. "माझ्या पगारातला आहे. घरातलं काही घेतलेलं नाही."

टोमणा कळला मला. टोमणे मारायला तो माझ्याकडूनच शिकला होता.

त्या दिवशी बंदचा वार होता. इचलकरंजीत तेव्हा आठवड्यातून एक दिवस वीज नसायची आणि त्या दिवशी सगळ्या गल्लीचे माग गप्प. बाहेरगावच्या पाव्हण्याला वाटायचं, काय छान शांत गाव आहे. जन्मभर खटकखट ऐकलेल्या आमच्यासारख्यांना ती शांतता अंगावर यायची. मला तर बंदचा वार कधीच आवडला नाही. त्याला कारण होतं, ते येईल पुढं.

आत सुवर्णा, माझी सून, भांडी बांधत होती. एकेक पितळी डबा कागदात गुंडाळताना कागद कुरकुर वाजायचा आणि माझ्या काळजात काहीतरी चुरगळायचं. धनू तिला घेऊन हुबळीला चालला होता. तिथं कुणा मित्राचं गाड्यांना टेप आणि सिस्टीम बसवायचं दुकान होतं. इथंही तो तेच काम करायचा, मेन रोडला एका दुकानात. मागावर त्याचा जीव कधी लागलाच नाही. लहानपणी घरातला रेडिओ उघडून बसायचा आणि परत जोडल्यावर एक स्क्रू हातात उरायचा.

हुबळीचं मला कळलं ते आदल्या दिवशी. तेही सुवर्णाच्या तोंडून, डबे मोजताना.

"आत्ती, तुम्हाला ठाऊक नाही?" ती म्हणाली. "ह्यांनी अण्णांना विचारलं की. पाडव्याच्या आसपास. तुम्ही रेंदाळला आत्यांकडं गेला होता तेव्हा."

"मग? काय म्हणाले?"

"काहीच बोलले नाहीत. ह्यांना लई लागलंय ते. ‘नको जाऊ’ म्हणाले असते तर राहिलो असतो, म्हणतात. ‘जा’ म्हणाले असते तर हसत गेलो असतो. पण माणूस उत्तर द्यायच्या लायकीचाही वाटू नये, म्हणतात."

आता घरातली एवढी मोठी गोष्ट बापलेकांनी परस्पर उरकली आणि मला पत्ता नाही. माझ्या घरात! मी तिसरी शिकलेली बाई, पण सुताच्या कांड्या भरता भरता आठ मागांची शेड उभी केली ती ह्या दोन हातांनी. सुताचा भाव कधी चढणार ते व्यापाऱ्याच्या आधी मला कळायचं. आणि घरात पोरगं चाललंय ते मला शेवटी कळणार? मला एवढा राग आला की मालकांना मी एक शब्द विचारला नाही. म्हटलं, नाही ना सांगितलं, मग मीही विचारत नाही. बसा दोघं आपापल्या जागी.

तर असं ते घर होतं त्या दिवशी. तिघं तीन तोंडांनी गप्प.

मालक सोप्यात जानव्याशी चाळा करत बसले होते. रामलिंग दिवटे, अंगानं सडसडीत, बोलायला मोजके. गल्लीत त्यांना लोक मान द्यायचे ते त्या मोजकेपणामुळंच. माग बिघडला की हात लावून बघायचे, मान हलवायचे, आणि काय ते दुरुस्त करून टाकायचे.

"आक्का," धनू मला म्हणाला, "अण्णांना पुढं येऊन बसायला सांग की. त्यांच्या गाडीत बसवतोय, त्यांनी बघायला नको?"

बाप चार हातांवर बसला होता. पण पोरगा सांगणार मला, आणि मी सांगणार बापाला. आमच्याकडं तशीच रीत. पोरानं बापाशी थेट तोंड लावायचं नाही, आणि लावलंच तर मान खाली घालून, नजर जमिनीवर. डोळ्याला डोळा भिडवून बोलणं म्हणजे उर्मटपणा. हे वळण मीच लावलं होतं धनूला. एकदा लहानपणी बापाकडं बघत ‘मला पतंग पाहिजे’ म्हणाला, तर मी त्याची हनुवटी धरून खाली केली होती. "कुणाशी बोलतोस? खाली बघून माग." वळण लागलं ते पक्कं लागलं.

मी मालकांच्या समोर जाऊन उभी राहिले. "अहो, पोरगा बोलवतोय. गाडीत बसा म्हणतोय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि उठले. पुढं डाव्या सीटवर जाऊन बसले, हात मांडीवर, नजर समोरच्या काचेत. फोटो काढून घ्यायला बसल्यागत. मी त्यांच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले, थोडी पुढं, आरशापाशी.

धनू पलीकडच्या दारातनं आत शिरला. ड्रायव्हरच्या सीटवर पाठ टेकली, डोकं खाली स्टिअरिंगखाली घुसवलं, पाय दारातनं बाहेर अंगणात. नुसते पाय आणि पोट दिसत होतं. असं निजून कामं करायची आणि वर ‘माग नको’ म्हणायचं! मागावर निदान उभं तरी राहायला मिळतं.

"अण्णा, तेवढी काळी पट्टी द्या," आतनं आवाज आला.

वायरींना गुंडाळायची चिकटपट्टी मालकांच्या पुढ्यातच पडली होती. मी खिडकीतनं हात घातला, उचलली आणि धनूच्या हातात दिली.

"तू कशाला दिलीस? अण्णांना म्हटलं होतं."

"तुला पट्टी मिळाली की नाही? मग हात कुणाचा ते कशाला बघतोस?"

थोडा वेळ खुडबुड झाली. वीज नव्हती म्हणून वायरींना सोल्डरचा डाग देता येत नव्हता. तो पिळत होता, गुंडाळत होता, आणि मधूनच "आय गं" म्हणून बोट चोखत होता.

"अण्णा, पिवळी वायर कायमची असते, बॅटरीवर," तो सांगायला लागला. बापाचं तोंड दिसत नव्हतं म्हणून त्याला बोलणं सुटलं होतं. "तिच्यावर टेपच्या ध्यानात राहतं सगळं. लाल वायर किल्लीवर. किल्ली फिरवली की टेप जागा होतो. एवढ्याशा गाडीत लोक मोठमोठे डबे घालून घेतात मागं. मी नाही घातले. तुम्हाला धडधड नको. चार स्पीकर, साधे, पण आवाज असा येईल की..."

मालक काचेवरचा कबुतराचा डाग बघत होते.

"ऐकतायत ते," मी म्हटलं. "तू काम कर."

"त्यांना बोलू दे की, आक्का. सगळ्याला तूच कशी पुढं?"

"मी पुढं होते म्हणून तुम्ही सगळे जेवलात आजवर."

त्यानं पट्टीचा तुकडा कराकरा फाडला. मग म्हणाला, "बॅटरीची तार जोडलीय मी मघाशी. अण्णा, किल्ली एक घर फिरवा बघू."

मी आरशापाशी उभी होते. मी हात वर करून दोन बोटांत किल्ली फिरवल्यासारखं केलं. मालकांनी वाकून किल्ली फिरवली.

आणि त्या भगदाडातल्या नव्या टेपवर निळा उजेड पडला. काय सुंदर उजेड होता तो! देव्हाऱ्यातल्या समईला निळी ज्योत आल्यासारखा. आकडे पळायला लागले, रेघा खालीवर नाचायला लागल्या. मालकांचा चेहरा त्या उजेडात पोरासारखा झाला. त्यांनी मांडीवर थाप मारली. एक, दोन, ठेका धरल्यासारखी. आणि मोठ्यानं म्हणाले:

"वा रं पठ्ठ्या! झकास वाजतंय!"

माग बंद. गल्ली बंद. आतल्या सुवर्णाचा कागद थांबला.

धनूचे पाय हलायचे थांबले.

"अण्णा," तो म्हणाला, "अजून स्पीकर जोडलेले नाहीत."

मालक ठेका धरून बसले होते.

"टेपात सीडीसुद्धा घातलेली नाही मी." त्याचा आवाज खाली उतरला. "थट्टा करायलाय होय माझी? करा. करा की. मागावर टिकलो नाही, दुसऱ्यांच्या गाड्या उचकटत बसलो, म्हणून थट्टा. पण निदान मी जाताना तरी नको होती."

"धन्या, गप," मी म्हटलं.

"मी काय गप? मी गपच आहे. गप कोण बसलं होतं त्या दिवशी? असाच बंदचा वार होता. अण्णा सोप्यात चहा पीत बसलेले. मी आठ दिवस धीर गोळा करून आलो. उंबऱ्यात उभा राहिलो, मान खाली घालून, आक्कानं शिकवलं तसं. म्हटलं, अण्णा, मागावर माझं मन लागत नाही, हुबळीला जाऊ का, तुम्ही म्हणाल तसं करतो. चहा संपवला. कप ठेवला. आणि उठून मागच्या परड्यात निघून गेले. माझ्या अंगावरनं, आक्का. मी उभाच. कुत्रं उभं असतं तर त्यालाही हाड म्हणाले असते."

तो रडत नव्हता. पण वायरींची खुडबुड थांबली होती.

"अण्णा, उद्या सकाळी जातोय मी. आता तरी सांगा. जा म्हणा, नाहीतर नको जाऊ म्हणा. दोन्हीतलं एक. तुम्ही म्हणाल ते करतो."

मालकांनी काचेवर बोट ठेवलं.

"हा डाग," ते म्हणाले, "ओल्या फडक्यानं निघंल का?"

माझं सगळं अंग गार पडलं. धनूच्या बोलण्यानं नव्हे. ‘उंबऱ्यात उभा राहिलो, मान खाली घालून’ ह्या त्याच्या शब्दांनी. आदल्या दिवसापासनं मी मालकांवर जळत होते, आणि त्या घटकेला मला लख्ख दिसलं, त्या दिवशी सोप्यात काय झालं असेल ते.

आता सांगते.

आमचे सासरे जन्मभर मागावर उभे राहिले. पुढं पुढं त्यांना माग सोडून दुसरं काही ऐकू येईना, आणि शेवटी मागही ऐकू येईना. गल्ली त्यांना ज्या नावानं हाक मारायची ते नाव मी आयुष्यात कधी उच्चारलं नाही आणि इथंही घालणार नाही. पोरं त्यांच्या पाठीमागं जाऊन घाण घाण बोलायची आणि त्यांनी वळून हसून बघितलं की टाळ्या पिटायची. पोरांचं सोडा, मोठी माणसं तेच करायची. हिशेबाला गेले की त्यांच्या समोर त्यांचीच चेष्टा. आमचे मालक तेव्हा लहान. बापाचं बोट धरून हे सगळं त्यांनी ऐकलं होतं, बापाच्या वाट्याचंसुद्धा.

मग एक दिवस मालकांनी मला शेडमध्ये हाक मारली. धनू पहिली पाळी करून आलेला, सुताच्या गठ्ठ्यावर दुपारचा निजला होता, तेव्हा तो मागावर यायचा. मालकांनी माझा हात धरून त्याच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "मला कमी यायला लागलंय. पोराला कळता कामा नये. कुणालाच कळता कामा नये. घे शपथ."

पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ. मोडायची कशी?

आणि खरं सांगायचं तर लपवणं अवघड गेलं नाही. मागवाल्यांच्या घरात आवाजानं बोलतंय कोण? शेडमध्ये आम्ही सगळेच ओठांनी बोलतो, हातांनी बोलतो. समोर तोंड असलं की बास. मालक माझ्या ओठांवरनं पुराण वाचून दाखवतील असे तरबेज झाले होते. पोरगा बापाशी बोलायचा तो माझ्यामार्फत. लोक म्हणायचे, दिवटे मोजकंच बोलतात, आणि दिवटेआक्का नवऱ्याला तोंड उघडू देत नाही. म्हणू देत. मीच म्हणायला लावत होते. फक्त बंदच्या वारी माझा जीव टांगणीला असायचा, कारण त्या दिवशी गल्लीत माणसं आवाजानं बोलतात, पाठीमागनं बोलतात, दुसरीकडं बघत बोलतात.

आणि मान खाली घालून बोलतात.

मालकांना त्या दिवशी उंबऱ्यात पोरगा दिसला असणार. खाली बघत उभा. दिसलं असेल फक्त त्याचं टाळकं. त्यांना वाटलं असणार, चप्पल शोधतोय.

"आक्का," स्टिअरिंगखालनं आवाज आला, थकलेला. "राहू दे. टेप जोडून होईल तासाभरात. मग मी जातो."

शपथ होती ती सांगायची नाही अशी. एवढंच मला आठवलं. दुसरं काही करायचं नाही असं शपथेत कुठं होतं?

मी गाडीला वळसा घातला. पलीकडं गेले, धनूचे दोन्ही घोटे धरले आणि ओढला. चांगला लग्न झालेला बाप्या, सीटवरनं घसरत अंगणात आला. त्याच्या हातातला स्क्रू आत कुठं तरी पडला, खणखणत खाली गेला.

"अगं! स्क्रू गेला माझा!"

"जाऊ दे मसणात. उठ."

"आक्का, लोक बघतील."

"बघू देत. तिकीट लावते. उठ आणि तिकडनं जा, बापाच्या दारापाशी. दार उघड. बस उकिडवा."

तो बसला. माझ्यापुढं सगळेच बसतात. मालक गोंधळून माझ्याकडं आणि त्याच्याकडं बघायला लागले.

"आता मघाशी आत काय बोललास ते बोल."

धनूनं मान खाली घातली. वळण पक्कं.

मी त्याची हनुवटी धरली आणि वर केली. लहानपणी खाली केली होती, तीच.

"वर बघ. बापाच्या तोंडाकडं बघून बोल."

"तूच तर..."

"मीच सांगत होते. आता मीच सांगतेय. आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं नाही. शेडमध्ये बोलतोस तसं बोल."

"माग बंद आहेत, आक्का."

"चालू आहेत असं समज."

तो माझ्याकडं बघत राहिला. पोरगं काही खुळं नव्हतं. रेडिओ उघडून आत काय तुटलंय ते बघायची खोड लहानपणापासनंची. त्याच्या नजरेत काहीतरी फिरलं, किल्ली एक घर फिरते तसं. त्यानं बापाकडं बघितलं. बापाच्या डोळ्यांकडं बघितलं, आणि ते डोळे आपल्या ओठांवर आहेत हे त्याला दिसलं असावं. आयुष्यात पहिल्यांदा.

मग तो बोलला. आवाज जवळजवळ नाहीच, पण ओठ मोठे, स्वच्छ, शेडमधल्यासारखे. हुबळी म्हणताना हात लांब केला. माग म्हणताना मान हलवली.

मालकांचा चेहरा बदलत गेला.

"हुबळीला?" ते म्हणाले. "कायमचा?"

धनूनं होय म्हणून मान हलवली.

"उद्या?"

"होय."

"आणि हे मला आज सांगायलास?"

आता धनू म्हणणार, पाडव्याला सांगितलं होतं अण्णा. त्याचा हक्कच होता तो. इतके दिवस छातीवर दगड घेऊन हिंडला होता. आणि तो तसं म्हणाला असता की मालकांना कळलं असतं, पोराला सगळं कळलं.

धनूनं माझ्याकडं बघितलं. मी दाराशेजारच्या अबोलीची पिवळी पानं खुडायला लागले.

"होय अण्णा," धनू म्हणाला, ओठ नीट उघडून. "आजच सांगतोय. आधी धीर झाला नाही."

"धीर?" मालक म्हणाले. "तुझा बाप काय वाघ आहे? वाघ ती तिथं उभी आहे, अबोली उपटत."

सोप्यात सुवर्णा फिस्सकन हसली. मी तिच्याकडं बघितल्यावर थांबली.

"मागावर मन नाही तुझं," मालक म्हणाले. "ते दिसतंय मला. डोळे आहेत. मी वाट बघत होतो, कधी तोंडानं सांगतोस. सांगंना झालास तेव्हा म्हटलं, असंल काहीतरी पोराच्या मनात." त्यांनी निळ्या उजेडाकडं बघितलं. बोटानं टेपची कड चाचपली, फट आहे का बघावी तशी. "काम स्वच्छ आहे तुझं. मग लोकाच्या दुकानात लोकाच्या गाडीखाली निजायला हुबळी कशाला पाहिजे? रस्त्याकडचे दोन माग काढून टाकू. जुने झालेत, रोज रडतात. त्या जागेत तू बस."

"अण्णा, माग काढायचे?" धनूच्या तोंडातनं जोरात निघालं. मागवाल्याच्या पोरालाच कळतं त्याचा अर्थ. माग आमच्यात कुणी काढत नाही, वाढवतं.

"सहा राहतात की. तुझ्या आईला भांडायला सहा पुरेत." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काय गं? चालंल का?"

मला विचारलं. इतक्या सगळ्यानंतर कुणीतरी मला विचारलं एकदाचं.

मी सुवर्णाकडं वळले. "बघत काय उभी राहिलीस? तो डबा जिथनं काढलास तिथं ठेव. आणि कागद फेकू नको, फराळाला होतील."

धनू परत गाडीत शिरला, पण आता निजला नाही. गुडघ्यावर बसून, तोंड बापाकडं ठेवून त्यानं स्पीकरच्या वायरी जोडल्या. प्रत्येक वायर आधी बापाला दाखवायचा, मग पिळायचा. मालक मान हलवायचे. मला कुणी बोलावलं नाही, पट्टी द्यायलाही नाही. मी उभीच होते आपली, उगीच, आरशापाशी.

दारांची अंगं परत बसवून झाल्यावर धनूनं सीडी घातली. ढोलकी सुरू झाली. गल्लीतल्या बंद शेडींच्या भिंतींवर आपटून आवाज परत आला. शेजारची काशीबाई कट्ट्यावर आली, कमरेवर हात ठेवून.

मालक स्वस्थ बसले होते. धनूनं त्यांचा हात हातात घेतला. बापाचा हात त्यानं असा कधी धरला असेल, मला आठवत नाही. तो तळवा त्यानं दारावर ठेवला, जिथं आत स्पीकर बसवला होता तिथं, आणि सोडून दिला.

तळव्याखाली ढोलकी थडथडत होती. मालकांचे डोळे बारीक झाले. माग दुरुस्त झाला का बघताना ते असेच हात ठेवून उभे राहायचे. त्यांची बोटं हळूहळू ठेका धरायला लागली. ह्या खेपेला बरोबर पडत होती.

"आता वाजतंय," ते म्हणाले.

"होय अण्णा."

मालकांचा हात दारावरच होता. मग त्यांनी मान वळवली आणि पोराच्या तोंडाकडं बघत, अगदी हळू विचारलं, "मघाशी... वाजत नव्हतं. होय रं?"

धनू वाकला. आपलं तोंड बापाच्या तोंडासमोर आणलं, उजेडात.

"वाजत होतं अण्णा," तो म्हणाला. "बारीक वाजत होतं."

रस्त्याकडचे माग दिवाळीच्या आत निघाले आणि तिथं धनूचं दुकान लागलं. त्या दिवसापासनं धनू बापाशी थेट बोलायला लागला. समोर बसून, डोळ्याला डोळा भिडवून. गल्लीला ते खटकलं. काशीबाई मला एकदा म्हणाली, "दिवटेआक्का, एवढी तू कडक, आणि पोरगा बापाच्या तोंडावर बोलतो तुझ्या देखत? तोंडाला तोंड लावून?"

"माझा पोरगा तोंडावर बोलतो," मी म्हटलं, "तुझा पाठीमागं बोलतो. कुणाचं वळण चांगलं?"

मालक गेले त्याला आता काही वर्षं झाली. गल्लीनं त्यांना शेवटपर्यंत दिवटेअण्णाच म्हटलं. शपथ मी मोडली नाही. धनूनं मला कधी विचारलं नाही आणि मी त्याला कधी सांगितलं नाही. ती लिंबाच्या रंगाची गाडी दुकानामागं उभी आहे. वळणावर अजून तो हरवलेला स्क्रू आत कुठं तरी गडगडतो, धनू तो काढत नाही.

आणि त्याची ती सवय गेली नाही. अजून माझ्याशी बोलायचं झालं की हातातलं काम टाकून समोर येतो, वाकतो आणि ओठ मोठे करून बोलतो, शेडमध्ये बोलल्यासारखा. मी खेकसते त्याच्यावर, "सरळ बोल की मेल्या! मला ऐकू येतं. मी काय..."

आणि तिथंच थांबते. पुढचा शब्द माझ्या तोंडातनं अजून निघत नाही.